विक्रोळीत घडलेलं क्रायोजेनिक इंजिन

चंद्रमोहिमेसाठी सोव्हिएत संघानं 1960च्या दशकात एक क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, इंजिन गुप्तपणे विकसित करायला घेतलं. ती मोहीम बारगळली. 1991मध्ये भारतानं त्याच इंजिनासाठी तंत्रज्ञानासह करार केला. अमेरिकेच्या दबावाखाली 1993मध्ये रशियानं तंत्रज्ञान नाकारलं. फक्त तयार इंजिनं दिली.

असं इंजिन स्वतः बनवण्याचं काम अवघडच होतं. टाकीत द्रव हायड्रोजन उणे 253 अंश सेल्सिअसला, तर ज्वलनकक्षात तापमान सुमारे 3000 अंश! इस्रोनं हे तंत्र स्वतः विकसित केलं. इंजिनं घडवण्यात मुंबईतल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा मोठा वाटा आहे. 2010मध्ये इंधनाचा टर्बोपंप बंद पडून या स्वदेशी इंजिनाचं पहिलं उड्डाण फसलं. 5 जानेवारी 2014 रोजी जीएसएलव्ही-डी5 हे रॉकेट स्वदेशी इंजिनासह झेपावलं आणि यशस्वी ठरलं. नाकारलेलं तंत्रज्ञान चिकाटीनं मिळवता येतं, हे आपल्या शास्त्रज्ञांनी आणि कामगारांनी सिद्ध केलं.