घरखर्चाच्या वहीत न सापडणारा रकाना: खर्च-ए-पानदान

मागच्या वर्षी पावसाळ्यात आमच्या अम्मींचं ब्लडप्रेशर अचानक वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या रोज घेता का? अम्मी गप्प. घरी आल्यावर डबा उघडून पाहिला, तर महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी निम्म्या तशाच. औषधाचे पैसे दर महिन्याला आम्ही त्यांच्याच हातात द्यायचो. त्या एक महिन्याआड गोळ्या आणत होत्या, एक दिवसाआड घेत होत्या आणि उरलेले पैसे रुमालात बांधून ठेवत होत्या. कशासाठी? कामठीहून नातवंडं आली की त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायला. "ईदी काय तुमच्याकडून मागून देऊ?" एवढंच म्हणाल्या.

आमचं घर काही कंजूस नाही. पण दोघांची कमाई मिळून 41,000 रुपये, त्यात नागपुरात भाड्याचं घर, म्हणून प्रत्येक रुपयाला काम ठरलेलं. वहीत किराणा होता, वीज होती, मुलीची शिकवणी होती. माणसाच्या स्वतःच्या हातात राहतील असे पैसे मात्र कुठेच नव्हते. अम्मी लपवत होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्ही दोघंही थोडंफार लपवतच होतो. कुणाचा चहाठेल्यावरचा उधारीचा हिशेब, कुणाचा सव्वादोनशेचा दुपट्टा दीडशेचा म्हणून सांगितलेला.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे: खर्च-ए-पानदान. नावावरून वाटतं पान-सुपारीचे पैसे, पण अर्थ मोठा आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या खानदानी मुस्लिम घरांत लग्न ठरतानाच सुनेसाठी अशी रक्कम बांधून देत. नफका म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा. ती नवऱ्याची जिम्मेदारीच. पानदानाचा खर्च त्याहून वेगळा, फक्त तिचा.

या रकमेवरून एक खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. 25 ऑक्टोबर 1877 रोजी ख्वाजा मुहम्मद खान यांनी आपल्या मुलाच्या लग्नाआधी लिहून दिलं, की सून हुसैनी बेगम हिला महिना 500 रुपये खर्च-ए-पानदान मिळेल. मुलगा-मुलगी दोघंही तेव्हा अल्पवयीन, करार दोन बापांमधला. (त्याच 1877 मध्ये 1 जानेवारीला आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथल्या मजुराला 500 रुपये म्हणजे काय वाटलं असतं, ते सांगायला नको.) पुढे 1896 मध्ये नवरा-बायकोचं बिनसलं, हुसैनी बेगम घर सोडून गेल्या आणि थकलेल्या रकमेसाठी त्यांनी सासऱ्यावर दावा लावला. सासरे म्हणाले, करारात ही पक्षकारच नव्हती. अलाहाबाद हायकोर्टाने ते मानलं नाही आणि 1910 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही बेगमच्याच बाजूने निकाल दिला. निकाल सय्यद अमीर अली यांचा. त्यांनी स्पष्ट केलं, की ही रक्कम पत्नीची वैयक्तिक आहे आणि ती कशी खर्च करावी यावर नवऱ्याचा ताबा नाही.

आपल्या घरात 500 चं 300 झालं तरी तत्त्व तेच राहतं: पैसे दिले की हिशेब विचारायचा नाही. आमच्या मते हातखर्चाचा सगळा जीव या एका अटीत आहे. "कशाला घेतलंस?" हा प्रश्न आला, की तो हातखर्च राहत नाही, घरखर्चच होतो आणि लपवालपवी परत सुरू होते.

रक्कम ठरवायची कशी? आधी एक महिना फक्त लिहून काढा, बंद काहीच करू नका. दहा रुपयांचा चहा दिवसातून दोनदा, कामाचे सव्वीस दिवस, म्हणजे 520 रुपये. आठवड्यातून एकदा तर्री-पोहे. खर्र्याची पुडी वीस रुपयांची धरली आणि दिवसाला दोन झाल्या, तर महिन्याला 1,200! खर्रा हातखर्चातून घेतला म्हणून तो काही औषध होत नाही, पण किराण्याच्या पैशातून घेतलेला खर्रा मुलांच्या दुधातून जातो, हे वहीत एकदा दिसलं म्हणजे डोळे उघडतात. आमच्या ओळखीतल्या दोघांचा तरी अनुभव असाच आहे.

मग घरखर्च मांडा. आमचा असा निघाला: भाडं 8,000, किराणा-दूध-भाजी 12,000, वीज-गॅस-मोबाइल 3,500, फी आणि शिकवणी 5,500, अम्मींची औषधं 2,000, पेट्रोल 2,500, कर्जाचा हप्ता 3,500. एकूण 37,000. उरले 4,000. त्यातले 2,000 बचतीला आणि 2,000 हातखर्चाला: आम्हा दोघांना 700-700, अम्मींना 300, दहावीतल्या मुलीला 300. औषधं मात्र आता आम्हीच आणतो.

दोघांना सारखेच का, असं पुष्कळ जण विचारतात. एकाची कमाई दुसऱ्यापेक्षा जास्त आहेच. पण जो जास्त कमावतो त्याला जास्त, असं म्हटलं की घर सांभाळणारीच्या वाट्याला शून्य येतं. तिचं काम पगाराच्या पावतीवर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आता कुंपण कुठे घालायचं, हे भांडण होण्याआधीच बोलून घ्या. शाळेचा गणवेश, कामावर घालायचे बूट, केस कापणं घरखर्चात. त्याहून वरचा दुसरा सूट, मैत्रिणीच्या मंगनीची भेट, बाहेरचा चहा हातखर्चात. जकात आणि फित्रा घराच्या हिशेबातूनच द्या. स्वतःच्या मनाने केलेला सदका ज्याचा त्याचा. रमजानमध्ये किराणा वाढतो, म्हणून आधीचे चार-पाच महिने थोडं थोडं बाजूला काढा. नाहीतर पहिली कात्री हातखर्चाला लागते, आणि एकदा लागली की पुढेही लागतच राहते.

उरलेले पैसे परत घ्यायचे नाहीत. दोन महिने न खर्चता कुणी 1,400 साठवले, तर ते त्याचेच. काही बहिणी त्यातून बीसी लावतात. व्याज नको म्हणणाऱ्यांना ते सोयीचं पडतं, फक्त माणसं ओळखीची असावीत. पैसे शक्यतो रोख द्या, वेगळ्या पाकिटात. फोनने स्कॅन करताना वीस रुपये गेलेले कळतसुद्धा नाहीत. पाकीट रिकामं झालं की आपोआप कळतं.

लाडकी बहीण योजनेबद्दलही विचारणा होते. जुलै 2024 पासून 21 ते 65 वयाच्या, वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या पात्र बहिणींच्या आधार जोडलेल्या खात्यात महिना 1,500 रुपये जमा होतात. मोमिनपुऱ्यात काय किंवा ताजबागेकडे काय, बऱ्याच घरांत हे पैसे आले त्या दिवशीच किराणा दुकानात जातात. बहिणीनेच तसं ठरवलं असेल तर आम्ही बोलणारे कोण? पण एटीएम कार्ड तिच्याकडे नाही, पिन दुसऱ्यालाच माहीत, हे बरोबर नाही. निदान तीनशे-चारशे तिने स्वतःसाठी ठेवावेत. आणि हप्ता कधी वेळेवर येतो, कधी पुढे सरकतो, म्हणून घरभाड्यासारखा पक्का खर्च त्यावर टाकू नये.

उरतच नसेल तर? असा महिना आमच्याकडेही आला होता, गाडी बिघडली तेव्हा. मग सगळ्यांचा हातखर्च निम्मा केला, पण शून्य नाही केला. एकाचाच कापला असता, तर ती काटकसर नव्हती, जबरदस्ती होती. पन्नास रुपये का होईना, हातात असले की माणूस औषधाच्या गोळ्या वाचवत बसत नाही.

मुलीने पहिल्या महिन्यात 300 रुपये चौथ्या दिवशी संपवले आणि दुसऱ्या महिन्यातले आगाऊ मागितले. नाही दिले. अम्मींनी तिला गुपचूप वीस रुपये दिल्याचं नंतर कळलं. ते त्यांचे पैसे, आम्ही काही बोललो नाही. या ईदच्या आठवडाभर आधी अम्मींनी पाचशे रुपये मोजून आमच्या हातात ठेवले आणि म्हणाल्या, बँकेतून दहाच्या कोऱ्या नोटा आणून द्या.