हळदीकुंकू गटाचं, ओझं कुणा एकीचं नाही

संक्रांत जवळ आली की वाण काय लुटायचं याचा घोर लागतो. शेजारणीपेक्षा भारी वाण हवं म्हणून कुणी कर्जही उचलते. सण दोन तासांचा आणि हप्ते सहा महिने!

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, मग घाई कशाला? आम्ही गटातल्या 10 जणी मिळून एकच हळदीकुंकू करतो. डिसेंबरच्या बैठकीतच तारीख आणि खर्च ठरतो. प्रत्येकीचे 100 रुपये, म्हणजे 1000 रुपये. त्यात 50 बायकांचं वाण आणि तिळगूळ भागवायचं, वर एक रुपया नाही. वाण म्हणून मेथी-कोथिंबिरीच्या बियांची पुडी द्या. परसात उगवेल, पोटात जाईल.

कामं वाटून घ्या. तिघी लाडवांना, कारण पाक गरम असतानाच भराभर वळावे लागतात. 1 किलो तीळ आणि 1 किलो चिक्कीचा गूळ घेतला, की लहान 80 लाडू सहज होतात. ते दोन दिवस आधीच करून ठेवा. दोघी आवतणाला, तिघी मांडणीला, दोघी आवराआवरीला.

आवतण देताना एकही घर गाळू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आपल्या गटात विधवा मैत्रिणीची बचत चालते, सही चालते, मग तिला कुंकू का नाही? पहिलं बोट तिच्या कपाळाला लावू या.

येत्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.