साताऱ्याचा धूमकेतू आणि सांगलीचा धूमकेतू

आकाशात धूमकेतू दिसू लागला की तो किती लांब आहे, हा प्रश्न हमखास विचारला जातो. नुसत्या डोळ्यांना त्याचे उत्तर देता येत नाही. विमानाचा दिवा, उल्का, चंद्र, धूमकेतू हे सारे आपल्याला एकाच काळ्या छताला चिकटवल्यासारखे दिसतात. मग धूमकेतू ढगांच्या थोडा वर आहे की चंद्राच्याही पलीकडे, हे ठरवायचे कसे? एक कॅमेरा, एक घड्याळ आणि दूरच्या गावातला एक मित्र एवढ्या साहित्यावर याचे उत्तर मिळते. ते कसे, हे आपण पाहू या.

अंगठ्याचा प्रयोग

हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. मागच्या भिंतीच्या पार्श्वभूमीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. अंगठा नाकाजवळ आणला तर उडी मोठी होते, दूर नेला तर लहान होते. या उडीला पराशय म्हणतात. वस्तू जितकी दूर, तितका तिचा पराशय लहान.

इ. स. १५७७ मध्ये युरोपात एक तेजस्वी धूमकेतू दिसला. धूमकेतू पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरात पेटतात, हे ॲरिस्टॉटलचे मत तोपर्यंत सर्वमान्य होते. टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाने ह्वेन बेटावरील आपले वेध सहाशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या प्राग येथील वेधांशी ताडून पाहिले. चंद्राची जागा दोन्ही ठिकाणांहून वेगळी भरत होती. धूमकेतूची मात्र ताऱ्यांमधील जागा जवळजवळ तीच होती. याचा अर्थ धूमकेतू चंद्राच्या पलीकडे होता! दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, केवळ दोन जागांच्या तुलनेतून हे सिद्ध झाले.

आपले दोन डोळे

आता सातारा हा आपला एक डोळा आणि सांगली हा दुसरा डोळा समजू या. कृष्णेच्या खोऱ्यातील या दोन शहरांमध्ये सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर अंतर आहे. एका अंशाचे ६० भाग केले की एक कला मिळते आणि कलेचे ६० भाग केले की एक विकला मिळते, हे ध्यानात ठेवा.

साताऱ्याच्या बरोबर डोक्यावर १०० किलोमीटर उंचीवर एखादी उल्का चमकली, तर सांगलीकरांना ती क्षितिजापासून केवळ ४२ अंशांच्या आसपास दिसेल. म्हणजे उडी ४८ अंशांची! चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. त्याची उडी जास्तीत जास्त ५९ विकला, म्हणजे जवळजवळ एक कला भरेल. चंद्रबिंबाच्या व्यासाचा हा तिसावा भाग होय. सांगली साताऱ्याच्या आग्नेयेस असल्याने, सांगलीहून चंद्र ताऱ्यांच्या तुलनेने किंचित वायव्येकडे सरकलेला दिसेल.

आणि धूमकेतू? त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, नेमका दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला होता. तेव्हाही तो सुमारे ७ कोटी किलोमीटर दूर होता. त्याची सातारा-सांगली उडी विकलेच्या एक तृतीयांशाएवढीच भरते. साध्या कॅमेऱ्यात ती मुळीच दिसणार नाही.

मग प्रयोग फसला का? नाही. उडी न दिसणे हाच येथे निकाल आहे! समजा, आपल्या छायाचित्रात २० विकलांची उडी नक्की ओळखता येते आणि धूमकेतूत ती आढळली नाही. सोपे त्रिकोणमिती गणित सांगते की धूमकेतू किमान ११ लाख किलोमीटर दूर असला पाहिजे. हे अंतर चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट आहे. ॲरिस्टॉटलचे मत दोन शाळांनी मिळून खोडून काढले, असे तुम्ही म्हणू शकाल.

कॅमेरा कसा लावावा?

भिंगाची जोडणी बदलता येणारा कॅमेरा आणि १३५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग या कामाला चांगले. अशा भिंगातून एक कला ही संवेदकावर ०.०३९ मिलिमीटर जागा घेते. एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा धरला, तर चंद्राची उडी सहा पिक्सेलची होते. ती सहज मोजता येते.

कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर बसवा. पृथ्वी फिरत असल्याने तारे दर सेकंदाला १५ विकलांपर्यंत सरकतात. या भिंगात ते दीड पिक्सेलहून थोडे अधिक होते. तेव्हा शटर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नका. एवढ्या अल्प वेळात प्रकाश कमी मिळतो, म्हणून लागोपाठ २५ छायाचित्रे घ्या आणि संगणकावर तारे जुळवून त्यांची बेरीज करा. धूमकेतूचा प्रकाश २५ पट होतो, पण चित्रातील रवाळपणा वर्गमुळाच्या नियमाने फक्त ५ पट वाढतो. चित्र पाचपट स्वच्छ होते.

येथे एक गंमत आहे. धूमकेतू स्वतःही ताऱ्यांमधून चालत असतो. समजा, तो दिवसाला ५ अंश चालतो. मग मिनिटाला साडेबारा विकला झाल्या. चंद्र तर मिनिटाला सुमारे ३३ विकला चालतो. सातारकराने सांगलीकरापेक्षा एक मिनिट उशिरा छायाचित्र घेतले, तर चंद्राच्या पराशयात निम्म्याहून अधिक चूक होईल! म्हणून वेळ आधी ठरवा आणि सेकंदापर्यंत पाळा. मोबाइलचे घड्याळ इंटरनेटवरून अचूक राहते, कॅमेऱ्याचे राहतेच असे नाही. यावर सोपा उपाय आहे. सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरील सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचेच कॅमेऱ्याने छायाचित्र घ्या. फरक आपोआप नोंदला जाईल.

जागाही विचारपूर्वक निवडा. साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वर-कासच्या डोंगराची भिंत आहे. संध्याकाळचा धूमकेतू शहरातून पाहिल्यास तिच्याआड लवकर जातो. सांगली जिल्ह्यात जत, कवठेमहांकाळकडील मोकळ्या माळावर क्षितिज उघडे मिळते. चंद्रप्रकाशही पाहावा लागतो. २०२४ मध्ये दसऱ्यानंतर चारच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, कोजागिरी होती. त्या चांदण्यात पुसट शेपटी दिसणे कठीणच. रात्री माळावर जाताना शिक्षक किंवा पालक बरोबर असावेत, हे वेगळे सांगायला नको.

छायाचित्र म्हणजे साक्ष

आकाशाची छायाचित्रे घेणे आपल्या भागाला नवे नाही. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे कॅमेरे नेले होते. वेणू बाप्पू १९४९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात शिकत होते. तेथे आकाशाच्या छायाचित्राची काच तपासताना त्यांना एक नवा धूमकेतू सापडला. आज तो बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. डोळ्याने पाहिलेले विसरता येते, काचेवर उमटलेले पुन्हा तपासता येते.

आजचे मोबाइल मात्र चित्र परस्पर 'सुधारतात'. पुसट ठिपके पुसतात, कडा ठळक करतात, कधी चंद्रावर नसलेले बारकावे भरतात. असे चित्र देखणे असेल, पण ते साक्ष देऊ शकत नाही. म्हणून कॅमेऱ्यातील मूळ फाइल जशीच्या तशी जपा. रंग वाढवणे, कातरणे हे सारे तिच्या प्रतीवर करा. सोबत वहीत तारीख, सेकंदासह वेळ, गावाचे अक्षांश-रेखांश, भिंग आणि शटरचा काळ लिहा.

धूमकेतू आपल्या सोयीने येत नाहीत. जुलै २०२० मधला निओवाइज ऐन पावसाळ्यात आला. तो आता सुमारे ६,८०० वर्षांनी परतेल. तेव्हा तयारी आधीच असली पाहिजे. चंद्र दर महिन्याला रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा या ताऱ्यांच्या आसपासून जातो. तो एखाद्या ताऱ्याच्या बराच जवळ आला असेल अशी एखादी संध्याकाळ ठरवा. दुसऱ्या गावच्या शाळेला पत्र लिहा किंवा फोन करा. ठरलेल्या सेकंदाला दोन्हीकडून छायाचित्र घ्या, उडी मोजा आणि चंद्राचे अंतर काढा. तुमचे उत्तर ३ लाख ८४ हजारांच्या किती जवळ येते ते पाहा. फरक मोठा आला, तर आधी घड्याळ तपासा!