एका चार्जमध्ये पुणे?

कोल्हापुरात इलेक्ट्रिक मोटार घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : एका चार्जमध्ये पुणे गाठेल का? अंतर सुमारे 230 किलोमीटर. टाटा नेक्सॉन ईव्हीची 2020 ची बॅटरी 30.2 युनिटची, प्रमाणित पल्ला 312 किलोमीटर. पण हा आकडा चाचणीतला. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. महामार्गावर 100 किलोमीटरला 15 युनिट धरले, तर शिरवळ ओलांडल्यावर ही बॅटरी संपेल. 2022 च्या ‘मॅक्स’मधली 40.5 युनिटची बॅटरी 270 किलोमीटर नेईल. वजन मात्र सुमारे 100 किलोने वाढले.

खंबाटकीचा बाऊ नको. दीड टनाची गाडी 500 मीटर उंच चढवायला, तोटा वगळता, 2 युनिट लागतात. जादा 100 किलोंचा वाटा त्यावर जेमतेम 0.14 युनिट. उतारावर थोडी वीज परतही मिळते. खरी अडचण जागेची. बॅटरी तळाशी बसते. ती जाड झाली की आतली फरशी वर येऊन बसणाऱ्याचे गुडघे उंचावतात, नाहीतर तळ गतिरोधकाला घासतो. शिवाय किंमत! रोजची धाव रंकाळा ते शिरोली एमआयडीसी एवढीच असेल, तर लहान बॅटरी घेऊन महिन्यातून एकदा साताऱ्याला चहापुरते चार्जिंगला थांबणे परवडते.