दुधासाठी भांडे कोणते घ्यावे?

डेअरीने नासके म्हणून परत केलेल्या दुधाचा दोष पुष्कळदा गाईचा नसून भांड्याचा असतो. चरा, पोचा वा सांधा यांत दुधाचा अंश राहतो व त्यावर जंतू पोसले जातात. प्लॅस्टिकची बादली स्वस्त खरी. पण घासून घासून तिला चरे पडतात व ते धुऊन स्वच्छ होत नाहीत. कल्हई उडालेली पितळी चरवी, घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असली तरी, वर्ज्य समजावी. तांब्याच्या अंशाने दुधाच्या स्निग्धांशास खवट वास येतो. सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेल्या स्टेनलेस स्टीलचे, बिनसांध्याचे भांडे उत्तम होय. क्रोमियममुळे त्यावर गंजरोधक पातळ थर आपोआप तयार होतो. मात्र ते वाळूने वा तारेच्या घासणीने घासू नये आणि क्लोरीनचे पाणी त्यात रात्रभर ठेवू नये. त्याने या पोलादासही बारीक खड्डे पडतात.