अंदाजपंचे नव्हे, अंदाज!

मोबाइल जरा बाजूला ठेवा आणि दहा सेकंदांत उत्तर द्या. टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटमध्ये टोमॅटो किती असतील? पन्नास? दोनशे? हजार?

जुन्नर-आंबेगावकडचे असाल, तर 'माल कसलाय त्यावर आहे' असं म्हणाल. अगदी बरोबर! मध्यम आकाराचे टोमॅटो किलोत दहा-बारा बसतात. म्हणजे क्रेटमध्ये २०० ते २४०. ना कागद लागला, ना कॅल्क्युलेटर. जे माहीत आहे, त्याच्यावरून जे माहीत नाही तिथपर्यंत तुम्ही पोहोचलात. याला म्हणतात अंदाज. आणि डोळे मिटून 'पाचशे!' असं ठोकून दिलं असतं, तर ते झालं असतं अंदाजपंचे दाहोदरसे. दोन्हींत फरक आहे.

आता प्रामाणिकपणे सांगा. शाळेत 'अंदाजे उत्तर सांगा' असा प्रश्न आला की आपण काय करायचो? आधी गुपचूप खरं उत्तर काढायचं आणि मग त्यालाच गोल करून लिहायचं. मार्क मिळायचे, पण अंदाज मात्र राहून जायचा. म्हणूनच आज यूपीआयवर एक शून्य जास्त पडलं, तरी पटकन खटकत नाही. कॅल्क्युलेटर बोट घालू तिथलंच उत्तर देतो. ते उत्तर वेडंवाकडं आहे, हे ओळखायचं काम आपलंच.

बाजारातलं गणित, वर्गातलं गणित

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमध्ये किंवा मंचरच्या कांद्याच्या लिलावात थोडा वेळ उभं राहा. माल बघून वजन, वजनावरून पैसे, पैशातून गाडीभाडं वजा, हे सगळं तोंडी चालतं. मग अशा घरातल्या मुलांना शाळेचं गणित सोपं जात असेल ना?

तसं होत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. २०२५ मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. ही मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब काही क्षणांत तोंडी करत होती, पण तशीच आकडेमोड पुस्तकी पद्धतीने दिली की अडखळत होती. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं. कागदावर ठीक, बाजारात गडबड. दोन्ही गणितं एकाच डोक्यात बसत नाहीत असं नाही. त्यांच्यामध्ये पूलच कोणी बांधत नाही.

हा पूल खेळाने बांधता येईल?

थोडा येतो, पण खेळ कोणता हे महत्त्वाचं. अमेरिकेत रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० आकड्यांचा सरळ पट खेळायला दिला. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, बस्स! तेवढ्यानेही कोणती संख्या कुठे बसते याचा मुलांचा अंदाज सुधारला. ज्यांनी आकड्यांऐवजी रंगांचा तसाच पट खेळला, त्यांच्यात ही सुधारणा दिसली नाही.

दिल्लीचा प्रयोग आणखी बोलका आहे. तिथल्या बालवाड्यांमध्ये मुलांना चार महिने ठिपक्यांचे आणि आकारांचे खेळ दिले. कुठे जास्त, कुठे कमी, हे न मोजता ओळखायचं. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये निष्कर्ष आले. मुलांची नजर तयार झाली आणि ती पुढे वर्षभर टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात मात्र त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती मजा पुरत नाही. खेळात आकडा हवा आणि अंदाजानंतर पडताळा हवा.

चला, खेळूया!

नियम साधे. आधी सगळ्यांनी अंदाज लिहायचा, मग तो कसा काढला ते सांगायचं, मग मोजायचं. जवळचा जिंकला. लगेच दुसरा डाव. मोजल्याशिवाय डाव संपत नाही, कारण सुधारणा तिथेच होते.

एक, दोरी आणि चिमटे. दहा मीटर दोरी बांधा. एका टोकाला ०, दुसऱ्याला १०००. चिठ्ठीवर ३७० आलं, तर चिमटा कुठे लावाल? गंमत अशी की दहा मीटर म्हणजे हजार सेंटिमीटर. त्यामुळे टेप लावला की पडताळा तयार! ३७० ची जागा ३ मीटर ७० सेंटिमीटरवर. लहान मुलं १५० बऱ्याचदा मध्याकडे नेऊन लावतात. दोन-चार डावांनी त्यांचा हात बदलताना बघा.

दोन, खोडदच्या डिश. जीएमआरटीच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. सगळ्यांची तोंडं जमिनीवर मांडली, तर किती एकर झाकली जाईल? त्रिज्या साधारण साडेबावीस, तिचा वर्ग पाचशेच्या आसपास, पायला सरळ तीन धरा. एका डिशला दीड हजार चौरस मीटर. गुंठा म्हणजे जवळपास शंभर चौरस मीटर. म्हणजे एक डिश पंधरा गुंठे, तीस डिश साडेचारशे गुंठे. एकरात ४० गुंठे, म्हणजे अकरा एकरांच्या थोडं वर. कॅल्क्युलेटर सांगतो, बाराला थोडं कमी. जमलं की!

तीन, धरणातलं पाणी. पावसाळ्यात बातमी येते, डिंभ्यात इतके टीएमसी. म्हणजे किती? एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणून २८०० कोटी लिटर. माणशी रोज शंभर लिटर धरलं, तर वर्षाला ३६,५०० लिटर. सोयीसाठी ४० हजार घ्या. भागाकार? सात लाख माणसं, वर्षभर! २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर आणि आंबेगाव मिळून लोकसंख्या सहा लाखांच्या थोडी वर. आणि डिंभ्यात बारा टीएमसीहून जास्त पाणी मावतं. मग बाकीचं जातं कुठे? शेतीला. कुकडी प्रकल्पाचं पाणी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत फिरतं. आता आवर्तनावरून वाद पेटला की हा आकडा मनात ठेवून बातमी वाचा. कोण काय बोलतंय ते वेगळंच ऐकू येईल.

शेवटी, एनएसएसवाल्यांसाठी. तुमचं सात दिवसांचं शिबिर एखाद्या गावात असेलच. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रोज अर्धा तास दोरी बांधा. खर्च म्हणजे चिमटे आणि टेप. पोरांना विचारा, बाजारात बाबांबरोबर जाताना हिशेब कसा करता? त्यांनी तोंडी सांगितलं की तोच हिशेब फळ्यावर आकड्यांत मांडून दाखवा. पुलाचा पहिला दगड तिथेच बसेल.

आणि हो, शिवनेरीला जाल तेव्हा पायऱ्या मोजायच्या आधी प्रत्येकाने आपला आकडा लिहून खिशात ठेवा. वर पोहोचल्यावर चिठ्ठ्या उघडा. सगळ्यात लांबचा अंदाज ज्याचा, चहा त्याच्याकडून!