किनाऱ्यावर ऑर्किड फुलेल, पण आधी पाणी तपासा

खारदांड्याच्या कोळीवाड्यात मे महिन्यात उभे राहिलात तर दोन गोष्टी लगेच जाणवतात. सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. ही दमट हवा म्हणजे ऑर्किडचे माहेर! मुंबईचे हे उपनगर साष्टी बेटावर वसलेले आहे. तिथे आता शेती उरलेली नाही. पण वसई, पालघर, अलिबागकडच्या शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडची हवा बरीचशी तीच आहे.

ऑर्किडला आपण मराठीत आमरी म्हणतो. आंब्याच्या फांदीवर ती दिसली की पुष्कळ जण बांडगूळ समजून तोडून टाकतात. ते चूक आहे. बांडगूळ झाडातला रस ओढते, आमरी फांदीचा फक्त आधार घेते. तिची मुळे हवेतला ओलावा पितात. म्हणूनच तिला शेतातली माती चालत नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे तुकडे, कोळसा यांतच ती लावावी लागते. सोडण कोकणात कुठे विकत घ्यायचे?

सिंगापूरसारख्या बेटाने १८९३ मध्ये नोंदलेले 'व्हँडा मिस जोकिम' हे संकरित ऑर्किड १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल केले. थायलंडने तर डेंड्रोबियमच्या काड्या जगभर विकल्या. दादरच्या फूलबाजारातही थायलंडचा माल येतो. तुमची स्पर्धा त्याच्याशी आहे, शेजारच्या झेंडूवाल्याशी नाही.

डेंड्रोबियमला थंडी सोसत नाही. इथे किनारा घाटमाथ्यापेक्षा सरस ठरतो. मावळात गुलाबाला मानवणारी गारठ्याची रात्र या पिकाला रोखून धरते. मात्र कोकणचा पाऊस नुसत्या शेडनेटमधून थेट कुंडीत उतरला तर मुळे कुजतात, गोगलगायी माजतात. म्हणून जाळीच्या वर पावसाळ्यापुरता प्लॅस्टिक कागद हवाच.

खरी मेख पाण्यात आहे. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. भाताला, नारळाला थोडा खारेपणा चालून जातो. ऑर्किडची मुळे मात्र टोकाकडून काळी पडतात. एप्रिल-मेमध्ये बाटली भरून पाणी प्रयोगशाळेत द्या. पावसाळ्यातला अहवाल गोड येईल, त्यावर जाऊ नका. अहवाल वाईट आला तरी वाट बंद नाही. एक गुंठा छपरावर दोन मीटर पाऊस पडला की हिशेबाने दोन लाख लिटर पाणी होते. ते साठवायची टाकी स्वस्त नाही, हे मात्र आधीच धरून चाला.

रोपे ऊतिसंवर्धित घ्यावी लागतात, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. लागवडीनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष विक्रीजोगी काडी येत नाही. तोवर कर्जाचा हप्ता कशातून भरणार, हे कागदावर मांडा. शेडनेटचे अनुदान मिळाले तरी ते काम होऊन तपासणी झाल्यावर हाती पडते. गावात कुणी प्रस्ताव घेऊन आला तर ग्रामपंचायतीने आणि कृषी कार्यालयाने सातबाऱ्याबरोबर उन्हाळ्यातला पाण्याचा अहवालही मागावा. सुरुवात दोन-तीनशे कुंड्यांनी करा. एक पावसाळा पार पडू द्या, आणि दादरला पहाटे स्वतः जाऊन दर विचारून या.